खडा पडायची वाट

९ जानेवारी

दादा,

नमस्कार. फोनवर मला बोलणं जमत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून लिहितो आहे.

बहिणीच्या दिवसांना तुम्ही आला नाहीत, त्याबद्दल हे पत्र नाही. सूनबाईंचा फोन आला होता. तुम्हाला प्रवास झेपणार नाही असं त्या म्हणाल्या, मी बरं म्हणालो. त्यांच्या मागून क्लॅरिनेटचा आवाज येत होता. तो तुमचा की एखाद्या विद्यार्थ्याचा, ते मला ओळखता येत नाही.

परवा हिच्या लॅबमधून सामान घेऊन आलो. एक स्वेटर, पाठीला लावायची उशी, चहाचा मग, चष्म्याचं रिकामं घर. ‘हिच्या’ असं लिहून गेलो खरा. इतकी वर्षं चारचौघांत मी हिला ‘ही’च म्हणत आलो. आता ‘ती’ म्हणायला हवं का, ते कळत नाही. हे कोणाला विचारताही येत नाही.

ही खुर्चीतच गेली. डोळे मायक्रोस्कोपला लावलेले होते, त्यामुळे बराच वेळ कोणाला वेगळं काही वाटलं नाही. कामात असताना कोणी हाक मारलेली हिला खपत नसे, म्हणून कोणी मारली नाही. डॉक्टर म्हणाले, हाक मारली असती तरी उपयोग नव्हता. हे त्यांनी मला बरं वाटावं म्हणून सांगितलं, की खरंच तसं होतं, ते मी विचारलं नाही.

शेजारच्या बाई मला सारखं म्हणतात, मोकळे व्हा. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं नाही, हे त्यांच्या लक्षात आलं आहे. मोकळं व्हायचं म्हणजे नक्की काय करायचं, ते त्या सांगत नाहीत.

असो. लिहिण्याचं कारण वेगळं आहे. हिच्या हाताखाली काम करणारी एक तरुण डॉक्टर आहे. सामान बांधताना ती म्हणाली, “काका, एक काच आमच्याकडे राहिली तर चालेल ना? दादांची?” मला उलगडा व्हायला वेळ लागला. तीन वर्षांपूर्वी तुम्ही आमच्याकडे आला होतात, कानाखाली जबड्यापाशी गाठ होती, हिच्या लॅबमध्ये सुई घालून त्यातलं थोडं काढून काचेवर पसरलं होतं, ती काच. काच तुमची आहे, मी कोण हो म्हणणार?

आणि मग मला वाटलं, विचारावं. त्या गाठीचं पुढे काय झालं? काढलीत का?

काचेवर काय दिसलं ते सांगायला हिने तुम्हाला फोन केला, त्यानंतर आमच्या घरात तुमचा विषय निघाला नाही. मी ताटं पुसत होतो आणि मला फक्त हिची बाजू ऐकू येत होती. आधी ही हसून बोलत होती. “खडे दिसले दादा, अगदी फुलासारखे,” असं म्हणाली. मग काढून टाक म्हणाली. मग बराच वेळ ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, “भित्रा आहेस तू,” आणि फोन ठेवला. तुम्ही काय बोललात ते मला आजही माहीत नाही. हिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आमच्या घरात असंच चालत आलं.

उत्तराची घाई नाही.

आपला,
काटेसाहेब
(तुम्ही ठेवलेलं नाव. दुसरं काय लिहावं सुचलं नाही.)


३ फेब्रुवारी

दादा,

पत्र मिळालं. ‘वजनमाप खात्यातल्या माणसाचं पत्र आलं म्हटल्यावर आधी घरातला काटा लपवला,’ हे वाचून मी हसलो. बऱ्याच दिवसांनी हसलो, म्हणून लिहितो.

तुम्ही पुढे जे लिहिलं आहे, ते मी पुन्हा पुन्हा वाचलं आणि मला काही समजत नाही. तुम्ही लिहिता, ‘खडा अजून पडलेला नाही. रोज सकाळी अर्धं लिंबू चोखतो. शिकायला येणाऱ्या पोरांना समोर बघून लाळ सुटते आणि त्यांचे सूर घसरतात. पण बारकीने सांगितलेला खडा काही बाहेर येत नाही. तरी बरं, दुखत नाही. फक्त जरा मोठा झाला आहे.’

कोणता खडा?

ही असं म्हणाल्याचं मला आठवत नाही. ही ‘खडे’ म्हणाली होती. तुम्ही म्हणाल, एक काय आणि चार काय. मलाही आधी तसंच वाटलं. पण हिच्या तोंडात हा शब्द रोज असायचा आणि त्याचा अर्थ तो नव्हता. मायक्रोस्कोपखाली जे स्फटिक दिसतात त्यांना ही घरी खडे म्हणायची. स्फटिक म्हटलं की शाळेतला तास सुरू झाल्यासारखं वाटतं, असं हिचं म्हणणं. एकदा जेवताना ताटाच्या कडेला मीठ पसरून हिने मला समजावलं होतं की प्रत्येक खड्याचा आकार वेगळा आणि आकारावरून तो कुठून आला ते थोडंफार कळतं. मी हो हो म्हणत होतो. मीठ वाया चाललं आहे एवढंच माझ्या डोक्यात होतं.

तुम्ही लिहिता की हिने पाठवलेल्या रिपोर्टमधल्या मोठ्या नावाचा अर्थ लागला नाही, पण त्यात ‘क्रिस्टल’ असा शब्द होता, आणि तुमच्या कोपऱ्यावरचा औषधवाला म्हणाला क्रिस्टल म्हणजे खडे. म्हणजे मुतखडा होतो तसा लाळेच्या ग्रंथीत खडा झाला, आणि आंबट चोखलं की लाळ सुटून तो सरकतो. असा खडा असतो हे मीही ऐकलं आहे. त्याला लिंबू चोखायला सांगतात हेही खरं आहे. त्यामुळे औषधवाला खोटं बोलला असंही म्हणता येत नाही.

आणि तुम्ही हेही लिहिलं आहे, जे मला माहीत नव्हतं. फोनवर तुम्ही म्हणालात, ‘एवढ्याशा खड्यासाठी तोंड फाडून घेऊ? तू काचेवरची माणसं बघतेस, त्यांना वाजवायचं नसतं.’ त्यावर ही भित्रा म्हणाली.

म्हणजे तुम्ही दोघं दोन वेगळ्या गोष्टींवर भांडत होतात का? की मीच घोळ घालतो आहे? मी त्यातला नाही. माझ्या कामात काटा बरोबर असतो नाही तर चूक असतो, आणि चूक असला तर मी सील लावून येतो. इथे कशाला सील लावायचं तेच कळत नाही.

या आठवड्यात लॅबमध्ये जाऊन त्या मुलीला विचारतो. तोवर लिंबू चोखा किंवा चोखू नका, मला काही सांगता येत नाही.

आपला,
काटेसाहेब


१२ फेब्रुवारी

दादा,

जाऊन आलो. जे पाहिलं ते जसंच्या तसं लिहितो, माझ्या डोक्यात ते अजून नीट बसलेलं नाही.

त्या मुलीने मला हिच्याच खुर्चीत बसवलं. दुसरी खुर्ची नव्हती. मी बसलो. मायक्रोस्कोपही तोच. आधी मला फक्त माझ्या पापण्या दिसत होत्या. मग तिने काहीतरी फिरवलं आणि दिसलं. फिकट पसारा, त्यात निळसर ठिपके, आणि मधेच नारिंगी फूल. बोथट पाकळ्या, मधून सगळीकडे पसरलेल्या. मग दुसरं, मग तीनचार एकत्र. कोणी कातरून ठेवल्यासारखी. मला वाटत होतं, ही उगाच फूल म्हणते, कौतुकाने. पण ती फुलंच आहेत दादा. लहान मूलही फुलंच म्हणेल.

मी म्हणालो, हे खडे ना? ती म्हणाली, हो. मी म्हणालो, मग खडा आहे का? ती म्हणाली, कसला खडा? मग मी तुमची लिंबाची हकिकत सांगितली. ती आधी हसली, मग हसायची थांबली, आणि उठून दुसरी काच आणून लावली. ती दुसऱ्याच कुणाची होती. त्यात फुलं नव्हती. चपटे तुकडे होते, चौकोनी, लांबट, काही सुईसारखे, काच फुटल्यावर पडतात तसे. ती म्हणाली, “काका, हे खड्याचे खडे. नळीत खडा अडकला, सूज आली की असे दिसू शकतात. बाईंनी हे पाहिले असते तर दादांना लिंबू चोखायला त्यांनीच सांगितलं असतं. दादांचे खडे खड्याचे नाहीत.”

मी हे वाक्य तिला पुन्हा म्हणायला लावलं. तुम्हीही पुन्हा वाचा.

फुलांचे खडे बहुतेक एकाच जातीच्या गाठीत सापडतात. मिश्र गाठ म्हणतात तिला. ती साधी असते, जिवावरची नाही, म्हणून ही फोनवर हसत होती. मी विचारलं, साधी आहे तर काढायची कशाला? हाच प्रश्न तुम्हालाही पडला असणार. ती म्हणाली, ही गाठ सावकाश वाढते आणि वर्षानुवर्षं राहिली तर काहींची बिघडते, वाईट होते. कोणाची बिघडेल ते आधी सांगता येत नाही, म्हणून चांगली असतानाच काढतात. मग मी विचारलं, फुलं दिसली म्हणजे साधीच, हे तरी नक्की ना? त्यावरही ती सरळ हो म्हणाली नाही. क्वचित वाईट गाठीतही अशी फुलं दिसली आहेत म्हणे. खडे नुसते बोट दाखवतात, निकाल आजूबाजूच्या पेशी बघून द्यायचा. तुमच्या पेशी तेव्हा चांगल्या होत्या. तेव्हा. हा शब्द तिने दोनदा म्हटला.

बाहेर पडताना लॅबमधला काचा रंगवणारा माणूस म्हणाला, “दादांची फुलं बघितलीत का?” मला वाटलं त्या मुलीने आत्ताच सांगितलं. तसं नव्हतं. ही दर वर्षी नव्या विद्यार्थ्यांना शिकवताना तीच काच लावायची आणि म्हणायची, ही माझ्या दादाची फुलं, अशी पुन्हा बघायला मिळणार नाहीत. तिथे सगळे तुम्हाला ओळखतात. म्हणून ती काच त्यांना हवी होती.

घरी तीन वर्षांत तुमचं नाव नाही आणि तिथे दर वर्षी. हे कसं समजायचं? मला आधी बरं वाटलं, मग राग आला, तुमचा नाही, कोणाचा ते ठरेना. बसमध्ये माझा थांबा चुकला.

दादा, खडा नाही. कधीच नव्हता. लिंबाने काही पडणार नाही. आणि तुम्ही लिहिलं आहे, जरा मोठा झाला आहे. ती मुलगी म्हणते, लगेच या, पुन्हा सुई घालून बघू.

काटेसाहेब


२७ फेब्रुवारी

दादा,

तुमचं पत्र रागाचं आहे. मला चालेल. शेवटी विचारलं आहे, ‘मग चूक कोणाची, हे एकदा सांगून टाका. तुमचं कामच ते.’

बरेच दिवस विचार केला. हिने जे दिसलं ते सांगितलं. तुम्ही जे ऐकू आलं ते ऐकलं. शब्द एकच होता. ही नीट समजावून सांगू शकली असती, पण हिला वाटलं दादाला कळलं आहे आणि तो घाबरतो आहे. तुम्ही विचारू शकला असता, पण तुम्हाला वाटलं धाकटी डॉक्टरकी मिरवते आहे. मी ताटं ठेवून मधे पडलो असतो, तर कदाचित मीही खडाच समजलो असतो. म्हणजे माझा काही उपयोग झाला नसता. काटा बरोबर, वजन बरोबर, आणि माल कमी भरला. असं माझ्या नोकरीत एकदाही झालेलं नाही.

तुम्ही क्लॅरिनेटचं लिहिलं आहे, आणि मला ते पहिल्यांदा समजलं. तुम्हाला चाकूची भीती नाही, ओठाची आहे. तोंड वाकडं झालं तर फुंक सुटेल. तुमच्या शब्दांत, ‘दिसायला काय, आधीच कोणी बघत नाही, पण वाजवणं गेलं तर मी नुसता म्हातारा.’ हे तुम्ही हिला सांगितलं होतंत का? मला वाटतं नाही.

मी सर्जनकडे जाऊन बसलो. तुम्हाला न विचारता गेलो, त्याबद्दल रागवा. ते म्हणाले, चेहऱ्याची नस त्या ग्रंथीतून फांद्यांसारखी जाते. गाठ तिच्यावर बसलेली असते, नस सोडवून गाठ काढायची. मी विचारलं, खात्री देता का? ते नाही म्हणाले. काही दिवस ओठ ढिला पडू शकतो, बहुतेकांचा परत येतो. बहुतेक म्हणजे किती, असं मी विचारणार होतो, पण विचारलं नाही. ते एवढं मात्र म्हणाले की गाठ जितकी मोठी तितकं ते काम अवघड. आणि बिघडलेली निघाली तर नस वाचवायचा प्रश्नच उरत नाही.

म्हणजे थांबलात तर ओठ वाचेल, असं नाही. थांबलात तर ओठ जाईल, असंही कोणी म्हणत नाही. मला या सगळ्यात ठाम असं काही सापडलं नाही, आणि मी तुम्हाला खोटं ठाम सांगणार नाही.

पण एक सांगतो. मी कोणाला कधी काही कर म्हणून सांगत नाही, हिलाही सांगितलं नाही. तुम्हाला सांगतो. या. हिच्या खोलीत पलंग आहे. क्लॅरिनेट घेऊन या, शेजारच्या बाईंना काय वाटायचं ते वाटू दे.

काटेसाहेब


१९ एप्रिल

दादा,

पोहोचल्याचा सूनबाईंचा फोन आला. टाके काढलेल्या जागी खाजवू नका असं त्यांनी तुम्हाला माझ्या नावाने सांगितलं म्हणे. मी असं काही म्हणालो नव्हतो, पण खाजवू नका.

काढलेल्या गाठीचा मोठा रिपोर्ट आज मिळाला. त्या मुलीने मला समोर बसवून आधी तोंडी सांगितलं, बहुतेक मागच्या अनुभवावरून. गाठ पूर्ण निघाली. मिश्र गाठच. कुठेही बिघडलेली नाही. मी तिला विचारलं, यात असा एखादा शब्द आहे का ज्याचा आम्ही घरी भलताच अर्थ लावू? तिने पुन्हा सगळं वाचलं आणि नाही म्हणाली. मूळ कागद तुम्हाला पाठवतो आहे. औषधवाल्याला दाखवू नका.

ऑपरेशनआधी पुन्हा सुई घातली आणि त्या काचेवर फुलं दिसली नव्हती, तेव्हा आपण दोघं किती गडबडलो होतो. तुम्ही म्हणालात, कोमेजली वाटतं. ती मुलगी सांगत होती की असली तर खूण, नसली तर काही बिघडत नाही, पेशी त्याच आहेत, पण आपल्याला पटेना. आता काढलेल्या गाठीत थोडी फुलं सापडली आहेत. एका कोपऱ्यात होती. सुई तिथे गेली नव्हती, एवढंच.

तुम्ही लॅबमधल्या वर्गात बसलात तो दिवस मला राहून राहून आठवतो. त्या मुलीने नव्या पोरांना तीच जुनी काच दाखवली आणि सवयीने म्हणाली, ही आमच्या बाईंच्या दादांची फुलं. आणि तुम्ही मागच्या बाकावरून उठून म्हणालात, “तो दादा मीच. बघून झालं असेल तर परत द्या.” पोरं आधी घाबरली, मग हसली. मग तुम्ही स्वतः वाकून बघितलंत आणि बराच वेळ डोळे वर केले नाहीत. मला एकदम भीती वाटली. मी तुम्हाला हाक मारली. कामात व्यत्यय आला तर आला, असं वाटलं. तुम्ही वर बघून म्हणालात, “बारकी हे दाखवत होती होय मला?” आणि काच तिथेच राहू दे म्हणालात.

ओठाचं लिहा. डावी बाजू अजून लोंबते, फुंक निसटते, हे मी जाताना पाहिलं. सर्जन म्हणतात नस शाबूत आहे, दोनचार महिने द्या. बहुतेक येईल असं ते म्हणाले. मी बहुतेकवर विश्वास ठेवायला शिकतो आहे. तुम्ही नुसती हवा फुंकत बसला होतात, सूर लागत नव्हता, तेव्हा शेजारच्या बाई विचारत होत्या की पाहुण्यांचं वाजवणं बंद का झालं.

बसस्टँडवर तुम्ही विचारलंत, “शेवटपर्यंत राग होता का हो तिला माझा?” बस आली म्हणून मी उत्तर दिलं नाही असं तुम्हाला वाटलं असेल. बस नसती आली तरी दिलं नसतं. मला माहीत नाही, दादा. घरी हिने तुमचं नाव घेतलं नाही हेही खरं, आणि दर वर्षी तुमची फुलं दाखवली हेही खरं. दोन्ही मी तुमच्यासमोर ठेवली. यावरून मला निकाल देता येत नाही.

तुम्ही गेल्यावर स्वयंपाकघरात एक लिंबू सापडलं. सवयीने आणलेलं असणार, आता त्याचा काय उपयोग. आज दुपारी टाकून द्यायला म्हणून उचललं, आणि का कोण जाणे, कापलं, आणि स्वयंपाकघरातल्या हिच्या खुर्चीत बसून अर्धं चोखलं. फार आंबट होतं. लाळ सुटली, जबड्यापाशी कळ आली, आणि मग डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते थांबेना. शर्टाची बाही भिजली. शेजारच्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या आणि दार लोटून परत गेल्या.

लिंबामुळे असेल. नक्की सांगता येत नाही. उरलेलं अर्धं उद्यासाठी ठेवलं आहे.

तुमचा,
काटेसाहेब